अंगाला सेन्सर लावून गोल्फचा स्विंग सुधारतो का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात वर्षभर गोल्फ शिकूनही चेंडू उजवीकडेच वळतो, कोच सेन्सर लावून स्विंग, म्हणजे चेंडू मारताना क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याची हालचाल, मोजून घ्या म्हणतात, तर पैसे वाया जातील का? मी दोन वर्षांपूर्वी हे केलंय. माझं मत: करा, पण कोच शेजारी उभे असतील तेव्हाच.

माझं दुखणंही तेच होतं. लहानपणापासून टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलेलो, त्यामुळे क्लब हातात आला की मिडविकेटला षटकार मारायचाय असेच खांदे फिरायचे. मित्राचा पाहुणा म्हणून येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर गेलो होतो, तिथले वयस्कर कॅडी (खेळाडूची पिशवी सांभाळणारे) चौथ्या होललाच म्हणाले, "साहेब, खांदा आधी येतोय. कंबर मागंच राहते." मी मान डोलावली. मनात म्हटलं, कंबर तर मी भरपूर फिरवतोय!

मग पावसाळ्यात एका इनडोअर ठिकाणी सेन्सर लावले. एक कंबरेच्या पट्ट्याला, एक पाठीवर, एक डाव्या हातमोज्यावर. आत जायरोस्कोप असतो, तो भाग किती वेगानं फिरतोय ते तो मोजतो. आधी सरळ उभं करून शून्य ठरवतात, मग चेंडू मारायचा. पडद्यावर आलेख येतो. चांगल्या खेळाडूच्या आलेखात डाउनस्विंगला, म्हणजे क्लब वरून खाली आणताना, वेगाच्या एकामागून एक टेकड्या दिसतात: आधी कंबर, मग छाती, मग हात, शेवटी क्लब. शिवाय पुढची टेकडी चढताना मागची उतरत असते. गोफण फिरवली असेल तर लगेच कळेल. हात थबकतो तेव्हा दगड सुटतो. माझ्या आलेखात छातीची टेकडी सगळ्यात आधी, आणि कंबर तिच्यामागून रेंगाळत आलेली. कॅडीकाकांनी फुकट सांगितलेलं मी पैसे भरून वाचलं. पण त्यांचं पटलं नव्हतं, हे पटलं. आपण अंगानं काय करतोय याबद्दल आपल्याला जे वाटतं ते सपशेल चुकीचं असू शकतं.

खरा उपयोग पुढच्या दोन-तीन तासिकांत झाला. कोच सरांनी आलेख बंद केला आणि फक्त आवाज चालू ठेवला: कंबर ठरवलेल्या कोनात आली की बीप. चेंडू नाही, जोर नाही, अगदी सावकाश. आकडे वाचून मला एकदाही काही जमलं नव्हतं, बीप ऐकून जमायला लागलं.

एक धोका सांगतो. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे वर नेण्याच्या, शेवटी खांदे ९० अंश वळलेले हवेत आणि कंबर ४५, हे गणित तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. मी त्यामागे लागलो आणि पाठ धरली. फिजिओनं तपासल्यावर कळलं, दिवसभर खुर्चीत बसून माझे खुब्याचे सांधेच आतल्या बाजूला पुरेसे वळत नाहीत. कंबर फिरणार कुठून? महिनाभर व्यायाम केला, तेवढ्यानं निम्मं काम झालं. कंबर वळत नाही एवढं सेन्सर सांगतो, का वळत नाही ते माणसानंच शोधायचं.

तूर्त खर्च नको असेल तर मोबाईलनं सुरुवात करा, मात्र स्लो मोशनमध्ये. क्लब वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत त्याची जेमतेम सात-आठ चित्रं मिळतात, २४० फ्रेमला साठेक. मोबाईल हाताच्या उंचीवर, निशाण्याच्या रेषेत तुमच्या मागे ठेवा. तिरका ठेवलात तर चांगला स्विंगही वाकडा दिसतो. शरीरावर रेघा काढून दाखवणारी अ‍ॅप्स डोकं हलतंय का, पाठीचा कोन सुटतोय का एवढ्यापुरती बरी. कंबर किती अंश फिरली हे एका कॅमेऱ्यावरून ती अंदाजानंच ठरवतात.

आणि बुकिंग करताना स्पष्ट विचारा की शरीर मोजणार की चेंडू. सिम्युलेटरवर (पडद्यावर चेंडू मारतात तिथे) रडार किंवा कॅमेरा असतो, तो चेंडू कुठे गेला ते सांगतो, कंबरेचं काही सांगत नाही. जाताना ढगळ टी-शर्ट घालू नका. माझा पट्टा पोटावरून घसरत होता, पहिले दहा स्विंग आम्ही त्या पट्ट्याचेच मोजले.