टर्कीसमोर धनुष्य ओढायचं कधी?

प्रश्न : सर, मी उदगीरचा. कंपाउंड धनुष्यावर विभागीय स्पर्धांपर्यंत खेळलोय. ऑगस्टमध्ये एम.एस.साठी अमेरिकेत, मिसुरी राज्यात चाललोय. तिथे असलेला माझा मावसभाऊ म्हणतो, एप्रिलमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात धनुष्याने जंगली टर्की (कोंबडीसारखं मोठं पाखरू) मारता येते, तुला नेम येतोच, मग अवघड काय? माझे आजोबा पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून रानातले तितर बोलवायचे, त्यामुळे घरात शिकारीचं वावडं नाही. सुरुवात कशी करू? जाण्याआधी शेतातल्या तितर-लाव्ह्यांवर सराव केला तर चालेल का?
– एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : शेवटचं आधी घेतो, कारण त्यात तुझा व्हिसासुद्धा अडकू शकतो. अजिबात चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो. शेत स्वतःचं असलं म्हणून सूट नाही. आणि बाबा, बांध कोरून सोयाबीन केल्यापासून आपल्या तितरांना आडोसाच उरलेला नाही. त्यांना राहू दे. आजोबांचा काळ वेगळा होता.

आता टर्की. कंपाउंडच्या स्पर्धेत तू ५० मीटरवरून दहा गुणांच्या ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात बाण घालतोस. टर्कीचं काळीज-फुप्फुस साधारण त्याच मापाचं, आणि अंतर असतं जेमतेम १०–१५ मीटर. म्हणजे मावसभाऊ नेमाचं म्हणतो ते खरं आहे. अवघड आहे ते धनुष्य ओढणं. बंदूकवाला झाडाला टेकून नळी आधीच रोखून बसतो, त्याला शेवटी बोटच हलवायचं असतं. तुला धनुष्य उचलून, कोपर मागे नेऊन दोरी गालापर्यंत आणायची आहे, आणि समोरच्या पाखराला मान जराशी वळवली की चौफेर दिसतं, तेही रंगांसकट. वासाचं त्याला फारसं कळत नाही. पण कोपर हललेलं दिसलं की ते दुसऱ्यांदा बघायला थांबत नाही.

म्हणून पहिल्या वर्षी ब्लाइंडमध्येच बस. ब्लाइंड म्हणजे कापडी तंबू, आतून काळा, चारी बाजूंना खिडक्या असलेला. मागच्या खिडक्या पूर्ण बंद ठेव, नाहीतर मागून येणाऱ्या उजेडात तुझी आकृती स्पष्ट दिसते. आत काळे कपडे घाल, तोंड आणि हातही झाक. मी मिसुरीत नोकरीला असताना ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे हे शिकलो, तो खिडकीजवळ बसूच द्यायचा नाही. स्टूल मागच्या कापडाला लागेल इतकं मागे घ्यायला लावायचा. आणखी एक गोष्ट तो हाताने दाखवायचा : तुझी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बाणाच्या काही इंच वर असते. साइटमधून खिडकी मोकळी दिसते आणि बाण मात्र खालच्या काठाला घासून भलतीकडे जातो. अंधारातच बसून, खोट्या टर्कीवर साइट लावून, बाणाचं टोक खिडकीत नेमकं कुठे येतं ते बघून घे.

ही खोटी टर्की, म्हणजे डिकॉय, बारा-तेरा मीटरवर मांड. एक मादी आणि एक कोवळा नर, ज्याला तिकडे जेक म्हणतात. जेकचं तोंड तुझ्याकडे कर. मोठा नर चिडून येतो तो जेकच्या तोंडासमोर उभा राहायला. म्हणजे तो तुझ्या आणि जेकच्या मधे येतो, आणि त्याची पाठ तुझ्याकडे होते. मग तो मोरासारखा पिसारा उभारतो. पंख जमिनीला घासत एकेक पाऊल टाकतो, डोक्याचा रंग क्षणात लाल, क्षणात निळा-पांढरा होतो. पिसारा तुझ्याकडे आणि डोकं पलीकडे गेलं, की त्या दोन-तीन सेकंदांत त्याला मागचं काही दिसत नाही. ओढायचं ते तेव्हाच. तुझ्याकडे कंपाउंड आहे हे इथे कामी येतं. पूर्ण ओढल्यावर त्याच्या टोकांची चाकं फिरून हातावरचा ताण बराचसा उतरतो, त्यामुळे थांबून वाट बघता येते.

पिसारा फुललेला असताना बाण सोडू नको, हे मी हात जोडून सांगतो. तेव्हा पाखरू असतं त्याच्या दुप्पट दिसतं आणि निम्मी तर पिसंच असतात. तोंडाने एक हलकं ‘टक्’ कर, तो मान वर काढतो, पिसं मिटतात. तो आडवा उभा असेल तर पायाच्या रेषेत वर ये आणि पंखाच्या सांध्यावर धर. नवखा माणूस छातीवर धरतो. तिथे नुसतं मांस असतं. तिथे लागलेलं पाखरू उडून जातं आणि दोन दिवसांनी कुठल्या तरी झुडपात मरतं. पिसं रक्त शोषून घेतात, त्यामुळे जमिनीवर मागही सापडत नाही. मनात जराही शंका आली तर दोरी हळूच उतरव. तो नर उद्याही त्याच रानात असेल.

मादीचा आवाज काढायला आधी बॉक्स कॉल घे, लाकडी खोक्यावर झाकण घासायचं, अर्ध्या तासात जमतं. मग तोंडात टाळूला लावून जिभेने वाजवायचा डायफ्रॅम शिक. धनुष्य धरल्यावर हात मोकळे राहत नाहीत, म्हणून तो शिकावाच लागतो. आजोबांच्या तितराचं तत्त्व इथेही आहे, पण एक फरक लक्षात ठेव. निसर्गात मादी नराकडे जाते. तू नराला उलट बोलावतोयस, म्हणून तो शंभर मीटरवर अडून ओरडत राहील. थोडं बोल आणि गप्प बस. दाणे टाकून बोलवायचा विचारही करू नको, मिसुरीत तो गुन्हा आहे. रेकॉर्ड केलेला आवाजही चालत नाही.

लाल, पांढरं, निळं अंगावर नको. नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि त्याच झाडीत दुसरा बंदूकवाला असू शकतो. आपल्याकडच्या सवयीने गळ्यात पांढरा रुमाल टाकून जाऊ नको. ओरडणाऱ्या टर्कीच्या मागे झाडीतून सरपटत जाणं तर सगळ्यात धोक्याचं. तो आवाज काढणारा माणूसही असू शकतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. मिसुरीत १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, कोर्स लागतो, तो हिवाळ्यातच उरकून घे. वसंतातला परवाना वेगळा काढावा लागतो, फी तुला रहिवासी धरतात की परराज्यातला यावर ठरते. वसंतात फक्त नर किंवा छातीवर दाढी (केसांसारख्या पिसांचा झुबका) दिसणारं पाखरू मारता येतं, आणि मारलेल्या पाखराची त्याच दिवशी रात्री दहाच्या आत नोंद करावी लागते. शेतकऱ्याची परवानगी तू स्वतः जाऊन माग, भावाच्या ओळखीवर राहू नको. विद्यापीठाच्या वसतिगृहात धनुष्य ठेवू देतात का, तेही आधी विचार. हे नियम जाचक वाटले तर एवढं ध्यानात घे की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडची टर्की संपत आली होती. १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या सामानावरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला, रानातून पकडलेली पाखरं दुसरीकडे नेऊन सोडली, तेव्हा कुठे मिसुरीत १९६० मध्ये पुन्हा शिकार सुरू झाली.

ऑगस्टपर्यंत उदगीरलाच करण्यासारखं पुष्कळ आहे. पुठ्ठ्यावर टर्कीचं खऱ्या मापाचं चित्र काढून फोमवर लाव आणि बुटक्या स्टुलावर बसून मार, उभं राहून नाही. ओढून एक मिनिट धरायचा सराव कर. आसपास कुणी टर्की पाळल्या असतील तर विचारून तासभर बघत बस. जात तीच आहे. पंखाचा सांधा कुठे येतो, मान वर काढण्याआधी पाखरू काय करतं, ते डोळ्यांत बसेल.

आणि मिळालीच, तर छातीचं आणि मांड्यांचं मटण एकत्र शिजवू नको. छाती पटकन होते, जास्त शिजली की चोथा होतो. मांड्या-पाय रानात पळून चिवट झालेले असतात, ते काळ्या मसाल्याच्या रश्शात मंद आचेवर दोन-तीन तास राहू दे. मसाला घरूनच ने.