पावसाळ्यात कंटेनर भरताना

अगं, मेसेज वाचला, भिवंडीहून तुझा तयार कपड्यांच्या एक्सपोर्टचा पहिला कंटेनर न्हावाशेवा बंदराला जाणार तोही जुलैत, खूप बरं वाटलं. कागदांचं टेन्शन घेतेयस ते कळलं, पण सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, चांगला असेल तर ते निभतं, तू एवढंच बघ की निटेड माल (टी-शर्टसारखा विणीचा) कस्टमच्या एचएस कोडच्या चॅप्टर ६१ मध्ये आणि वोव्हन माल (मागावरच्या कापडाचा) चॅप्टर ६२ मध्येच दाखवलाय ना, आणि इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि प्रत्यक्ष कार्टन तिन्हीचा आकडा एकच आहे ना.

मला खरी काळजी ओलीची आहे. कॉटन हवेतली ओल ओढून घेतं, पुठ्ठ्याचं कार्टन पण ओढतं, लाकडी पॅलेट पण, आणि सगळं दारं बंद करून आठवडेच्या आठवडे समुद्रावर. दिवसा कंटेनर तापतो, माल ओल सोडतो, रात्री पत्रा गार झाला की तीच ओल छताला जमते आणि खालच्या कार्टनवर टपकते, बाहेरून पाण्याचा थेंब आत न येता माल भिजतो. त्यात २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तसं झालं तर युरोपचा माल दहा-पंधरा दिवस जास्त आत राहतो, म्हणून रूट आधीच विचारून घे.

बुरशीचं मूळ बऱ्याचदा फिनिशिंग टेबलवरच असतं. स्टीम प्रेस झालेला पीस गरम असतानाच पॉलीबॅगमध्ये घालतात, वाफ आतच अडकते. टार्गेट कितीही असू दे, पीस गार होऊ दे, सुपरवायझरशी वाद झाला तरी चालेल. कार्टन गोडाऊनच्या फरशीवर ठेवू नको आणि कार्टनला मॉइश्चर मीटर लावून बघ. ओल शोषायला आत टाकायच्या पुड्या सिलिका जेलच्याच घे, स्वस्तातल्या कुठल्याही नको, कारण काही पुड्यांत बुरशी मारायला डीएमएफ (डायमिथाइल फ्युमरेट) हे रसायन असतं आणि ते असलेल्या वस्तूंवर युरोपात २००९ पासून बंदी आहे.

गाडी आली की आधी रिकाम्या कंटेनरमध्ये स्वतः शिर, बाहेरून दारं लावून घ्यायला सांग, कुठून उजेड दिसला तर तो कंटेनर परत पाठव, ड्रायव्हर कितीही घाई करू दे. फरशीची फळी ओली लागली तरी तेच. भरताना फोटो काढ, शेवटचा सीलचा, नंबर वाचता येईल असा.

मुंब्रा बायपासच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून गेट कटऑफच्या, म्हणजे बंदरात कंटेनर आत घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, आदल्या दिवशीच गाडी काढ, आणि कंटेनर भरायच्या दिवशी सकाळी मला फोन कर, मी येतो.