न्यायाची मागणी करण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. दहशतवादी हल्ल्यातील मृतांच्या श्रद्धांजली सभेत ‘युद्धाच्या घोषणा नकोत, गुन्हेगारांना न्यायालयासमोर आणा’ एवढेच म्हटल्यावर तुला देशद्रोही ठरवण्यात आले, आणि यापुढे बोलावे की गप्प बसावे, असे तू विचारले आहेस. बोलावे, असेच माझे मत आहे. परंतु आपण नेमके काय मागतो आहोत हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक हवे. शांततेची बाजू मांडणारे पुष्कळ जण सद्भावनेच्या गोष्टी सांगून थांबतात, आणि ज्याच्या घरातले माणूस मारले गेले आहे त्याला त्या ऐकताना राग येतो. तो राग रास्त असतो.

तू कायदा शिकतो आहेस, म्हणून २६ नोव्हेंबर २००८ पासूनच सुरुवात करतो. समुद्रामार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस (सीएसटी), कामा रुग्णालयाचा परिसर, ताज, ओबेरॉय-ट्रायडेंट, नरिमन हाऊस अशा ठिकाणी १६६ माणसे मारली. त्यांतला एकच जण, अजमल कसाब, जिवंत हाती लागला आणि तोही गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली म्हणून. ओंबळ्यांच्या शरीरात गोळ्या शिरत होत्या, तरी त्यांची पकड सुटली नाही. त्या कृतीचा विचार तू वकील म्हणून कर. तो माणूस जिवंत राहिला नसता, तर कट कुठे शिजला, प्रशिक्षण कोणी दिले, बोट कुठून निघाली, हे न्यायालयात सिद्ध करणे किती अवघड झाले असते!

त्या वेळी सीमेपलीकडे हल्ला करावा, अशी मागणी जोरात होती. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी पुढे लिहून ठेवले आहे की त्या दिवसांत त्यांना स्वतःलाही लष्करी प्रत्युत्तर हवे होते. मागाहून विचार करता मात्र संयमाचा निर्णय योग्य होता, असे त्यांचे मत झाले. युद्ध पेटले असते तर जगाने दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांचे भांडण म्हणून त्याकडे पाहिले असते आणि मुंबईतला गुन्हा बाजूला पडला असता. प्रत्यक्षात भारताने पुरावे पुढे ठेवले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचे पाकिस्तानच्या गृहखात्याच्या प्रमुखांना जाहीरपणे मान्य करावे लागले.

खरी कसोटी पुढे होती. कसाबला वकील कशाला हवा, असे मुंबईत उघडपणे विचारले जात होते, आणि ज्या वकील बाईंची त्याच्यासाठी नेमणूक झाली त्यांच्या घरासमोर जमाव चालून गेला. तरीही त्याला वकील मिळाला. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर ११,००० हून अधिक पानांच्या आरोपपत्रावर खटला चालला. सीएसटीवर पायात गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने आरोपीला ओळखले. मे २०१० मध्ये निकाल लागला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. फाशीच्या शिक्षेविषयी माझे मत वेगळे आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. त्याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि तो निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला, ही गोष्ट मला त्या फाशीइतकीच महत्त्वाची वाटते. सारा देश संतापलेला असताना एका न्यायाधीशाने ‘यांच्याविरुद्धचा पुरावा पुरेसा नाही’ असे लिहिले. न्याय म्हणतात तो हाच.

मुंबईने आणखी एक गोष्ट केली, ती तुझ्या वर्गमित्रांना अवश्य सांग. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला आणि ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ शवागारात पडून राहिले. हल्लेखोरांना धर्माच्या नावाने शहर फोडायचे होते. शहर फुटले नाही.

आता अमेरिकेकडे पाहा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जवळजवळ ३,००० माणसे गेली. तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचा मोकळा अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी संमत झाला. ते एक मत बार्बरा ली यांचे होते, आणि त्यासाठी त्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षण घ्यावे लागले. अफगाणिस्तानातले युद्ध वीस वर्षे चालले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ज्यांना हटवण्यासाठी ते सुरू झाले तेच तालिबान काबूलमध्ये परतले. कटाचा मुख्य सूत्रधार मानला जाणारा खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये पकडला गेला. त्याला गुप्त तुरुंगात ठेवून त्याचा अमानुष छळ करण्यात आला, आणि त्या छळामुळे पुरावाच डागाळल्याने दोन दशके उलटल्यावरही त्याचा खटला पूर्ण होऊ शकला नाही. आर्थर रोडला जे चार वर्षांच्या आत झाले ते अमेरिकेच्या ग्वांतानामो येथील लष्करी तुरुंगात अजून झालेले नाही. कायद्याच्या वाटेला वेळखाऊ आणि दुबळी म्हणणाऱ्यांसमोर ही तुलना ठेव.

मात्र आपली पाटी कोरी आहे, असे भासवू नकोस. ११ जुलै २००६ च्या लोकलमधील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष सोडले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. तरीही एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या नातेवाइकांच्या हाती काय आहे, हा प्रश्न उरतोच. तपासच कच्चा असेल, तर कोठडीत गेलेल्यांवरही अन्याय होतो आणि गमावलेल्यांच्या कुटुंबांवरही. २००८ च्या कटाचे म्होरके पाकिस्तानात आजही या गुन्ह्याच्या शिक्षेवाचून आहेत, हेही झाकू नकोस. तिथे आपली वाट अपुरी पडली आहे. प्रत्यार्पण, आर्थिक निर्बंध, आंतरराष्ट्रीय दबाव हे उपाय सावकाश चालतात; त्याच कटातला आरोपी तहव्वुर राणा अमेरिकेकडून भारताच्या ताब्यात यायला एप्रिल २०२५ उजाडले.

म्हणून पुढच्या वेळी उभा राहशील तेव्हा आधी मृतांविषयी बोल आणि मारणाऱ्यांचा निषेध ‘पण’ न जोडता कर. हल्ल्याची कारणमीमांसा अंत्यसंस्कारांच्या दिवशी करू नये. तिच्यासाठी पुढे भरपूर वेळ असतो. त्यानंतर तुझ्या मागण्या नेमक्या शब्दांत मांड. तपास स्वतंत्र आणि शास्त्रशुद्ध व्हावा, आरोपीला वकील मिळावा, जखमींचे उपचार आणि नुकसानभरपाई रखडू नये, सुरक्षेत कुठे ढिलाई झाली याची चौकशी होऊन तिचा अहवाल लोकांसमोर यावा, आणि हल्लेखोरांच्या धर्माच्या किंवा प्रांताच्या माणसांना वसतिगृहात, बाजारात, भाड्याच्या घरात त्रास झाला तर पोलिसांनी त्याच दिवशी गुन्हा नोंदवावा. शेवटच्या मागणीसाठी तर घोषणांचीही गरज नाही. तुझ्या वसतिगृहातल्या काश्मिरी मुलांच्या खोलीवर तू आणि आणखी दोघे-तिघे अशा हल्ल्यानंतरच्या रात्री थांबलात तरी पुष्कळ होईल.

पुढच्या सभेला अजून अवकाश आहे. तोवर कसाब खटल्यातले सर्वोच्च न्यायालयाचे २९ ऑगस्ट २०१२ चे निकालपत्र वाचून काढ. अटक झालेल्या माणसाला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यासमोर आणले जाते तेव्हा वकील मिळण्याच्या हक्काची जाणीव त्याला करून दिलीच पाहिजे, हे त्यात स्पष्ट केले आहे; तो भाग दोनदा वाच. सहआरोपींच्या सुटकेविषयीचा भागही वगळू नकोस. काही अडले तर लिही.

तुझा शुभचिंतक