शिंद्यांच्या फौजेतील बक्षी आणि त्यांचे कागद : एका जुन्या शोधकाचे उत्तर

नमस्कार.

आपले मूळ पुरुष महादजी शिंद्यांच्या फौजेत बक्षी होते, घरात त्यांचा उल्लेख आजही ‘सेनापती’ असाच होतो, पण कोणत्याही लढाईच्या हकिकतीत त्यांचे नाव नाही आणि दप्तरखान्यातून ‘नोंद आढळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले, हा आपला मजकूर वाचला. आम्हीही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, आणि आमच्या घरीही अगदी हेच कोडे बरीच वर्षे पडून होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी बँकेतून निवृत्त झालेला हौशी शोधक आहे, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तेव्हा पुढील मते त्याच बेताने घ्यावीत. वंशावळ जुळवणे, मोडी वाचणारा माणूस गाठणे, या गोष्टी आपण केल्याच असतील असे धरून चालतो.

आपला शोध अडला आहे तो बक्षीला सेनापती समजल्यामुळे. बक्षीचे मूळ काम फौज लढवण्याचे नव्हते. फौज खरोखर आहे की नुसती कागदावर आहे, हे पाहण्याचे होते. मोगल दरबारात मीर बक्षी हा दिवाणाच्या खालोखाल वजनाचा अधिकारी, पण सरसेनापती असा तो नव्हे. मनसबदारांच्या नेमणुकीचे कागद त्याच्याकडून बादशहापुढे जात, आणि हजिरी झाल्याचा दाखला त्याच्या कचेरीने दिल्याखेरीज पगार निघत नसे. अकबराने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांच्या चेहरेपट्टीची पद्धत बसवली, ती अंमलात आणताना शाहबाजखान कंबो या मीर बक्षीने अनेक अमिरांचा रोष ओढवून घेतला. कारण पगार शंभर स्वारांचा घ्यायचा, पदरी साठ ठेवायचे आणि गणतीच्या दिवशी भाड्याची तट्टे उभी करून खोगीरभरती करायची, हा सगळा व्यवहार त्यामुळे उघडा पडू लागला. सुभ्यातील बक्षीकडे पुष्कळदा वाकनिशीही असे, म्हणजे सुभेदार दरबारला काय लिहितो याखेरीज सुभेदाराविषयी दरबारला काय कळते, ते बक्षीच्या हाती. असा माणूस कोणाला प्रिय होणार? शहाजहानचा मीर बक्षी सलाबतखान याला अमरसिंह राठोडाने १६४४ मध्ये आग्र्याच्या दरबारातच ठार केले, आणि गैरहजेरीच्या दंडावरून ते भांडण पेटले अशी कथा आपल्या भागात अजून सांगतात.

पुढे बादशाही दुबळी झाली तसा हा तपासणीचा हुद्दा सत्तेची किल्ली होऊन बसला. सय्यद बंधूंपैकी हुसेन अली हा फर्रुखसियरचा मीर बक्षी. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मराठी फौजेसह दिल्लीत शिरून त्याने आपल्याच बादशहाला पदच्युत केले. त्यानंतरचा खानदौरान १७३९ मध्ये कर्नालच्या लढाईत पडला. नजीबखान रोहिल्याला हे पद अब्दालीच्या कृपेने १७५७ मध्ये मिळाले, तर त्याचा नातू गुलाम कादर याने ते १७८७ मध्ये शहाआलमकडून अक्षरशः दरडावून घेतले आणि दुसऱ्याच वर्षी त्या बादशहाचे डोळे काढले. एवढे लांबण लावण्याचे कारण असे की महादजींचा दिल्लीशी संबंध याच काळातला आहे. १७८४ च्या अखेरीस बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे आपला सर्वाधिकारी प्रतिनिधी, नेमले, महादजी त्यांचे नायब झाले आणि बादशाही फौजेचा कारभार त्यांच्या हाती आला. तेव्हा शिंद्यांच्या छावणीत ‘बक्षी’ हे बिरुद रुळले, ते दिल्लीच्या या सगळ्या परंपरेच्या छायेत, हे लक्षात ठेवावे.

आता शिंद्यांकडील सर्वांत गाजलेले बक्षी म्हणजे जिवबादादा केरकर, मूळचे गोमंतकातील. आपल्याकडील गोंधळाचे मूळ बहुधा तेच आहेत, कारण त्यांनी बक्षीगिरी सांभाळली तशी तलवारही गाजवली. गुलाम कादरवरील मोहिमेत राणेखानांच्या बरोबरीने ते होते, १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांविरुद्ध होते, आणि महादजींच्या निधनानंतर १७९५ मध्ये खर्ड्याला शिंद्यांच्या फौजेची बाजू त्यांनीच सांभाळली. पुढच्याच वर्षी ते वारले. मग महादजींच्या गादीवर आलेल्या दौलतरावांच्या दरबारात जे दुहीचे पर्व आले, त्यात बाळोबा तात्या पागनीस आणि नारायणराव बक्षी या दोघांचाही शेवट १८०० च्या सुमारास झाला, आणि लखबादादा लाड महादजींच्या विधवा बायकांच्या पक्षाला मिळून धन्याविरुद्ध उभे राहिले. जिवबादादांकडे पाहून प्रत्येक बक्षी रणधुरंधर असलाच पाहिजे असे घराघरांतून ठरले. त्यांच्या हाताखाली पागेगणिक आणि मोहिमेगणिक हजिरी घेणारे जे बक्षी होते, त्यांनी आयुष्यात एकही हल्ला चढवला नसेल, आणि तरीही कित्येक शिलेदारांची रोजीरोटी त्यांच्या एका रेघेवर लटकत असे. माझ्या मते हा मान कमी नव्हे. पण आमच्या नातेवाइकांना तो पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले, हेही खरे.

ज्या कचेरीने माझा सर्वाधिक काळ खाल्ला, तिचे नाव येथे देत नाही. तेथील अर्जात ‘मोहीम किंवा लढाई’ असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. मी मोहिमेचे नाव लिहिले की ‘लष्कर’ या सदराखालची पत्रव्यवहाराची बासने (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) तेवढी पाहिली जात, त्यांत नाव नाही म्हणून अर्ज निकाली निघे, आणि दुसऱ्या सदरात पाहावे अशी विनंती केली की तिच्यासाठी नवा अर्ज, नवी शिफारस आणि साहेबांची नवी सही. बक्षी हा पगाराशी निगडित अधिकारी असल्याने त्याचे कागद हिशेबात असतील, हे मी लेखी कळवले. त्यावर ‘लष्करी अधिकाऱ्याचे कागद हिशेब विभागात ठेवले जात नाहीत’ असे छापील थाटाचे उत्तर आले. हे उत्तर ज्यांनी दिले त्यांनी ती बासने कधी सोडून पाहिली नव्हती, हे पुढे त्यांच्याच जागी बदलून आलेल्या गृहस्थांकडून कळले. बासनांवरची शीर्षके पुष्कळदा फार नंतरच्या कारकुनांनी, कागद न वाचता, वरच्या एका पानावरून दिलेली असतात. आणि त्या शीर्षकालाच पुरावा मानून बसलेली कचेरी शोधकाला मुळापर्यंत जाऊ देत नाही. याबद्दलचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा या परिच्छेदातील तिखटपणा थोडा वजा करून वाचावा.

शेवटी कागद निघाले ते हिशेबाच्याच एका बासनातून. एका पानावर पथकाची हजिरी होती : स्वाराचे नाव, बापाचे नाव, गाव, ‘रंग गोरा, कपाळी जखमेचा वण’, पुढे घोडा ‘कुमाईत, मागील डावा पाय पांढरा’, आणि त्याच ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात ‘घोडा मेला, बदली हजर नाही’ असे लिहून त्या स्वाराचा रोजमुरा, म्हणजे पगार, कापलेला. खाली ‘विद्यमान बक्षी’, म्हणजे बक्षीमार्फत, एवढेच. आमच्या पूर्वजांचे नाव त्या पानावर नव्हतेच. ते त्याच सालच्या नालबंदीच्या (स्वारांना घोड्यांच्या खर्चासाठी दिलेल्या आगाऊ रकमेच्या) दुसऱ्या यादीत, त्याच मुक्कामाखाली मिळाले आणि मग दोन्ही जुळले.

म्हणून माझा आग्रह असा की आपण नाव घालून शोधू नये, साल आणि मुक्काम घालून शोधावे. हिशेबी कागदात अधिकाऱ्याचे पूर्ण नाव क्वचित येते. ‘दिंमत बक्षी’, ‘निसबत बक्षी’ (बक्षीच्या हाताखालील, बक्षीकडील), ‘गुजारत अमुक’ (अमुकाच्या मार्फत) असे येते. अर्जात ‘सेनापती’ हा शब्द घालूच नका. मागणी करताना हजिरी, गणती, रोजमुरा, नालबंदी, तैनात हे शब्द घालावेत, म्हणजे निदान बासन तरी योग्य निघते. सालाच्या बाबतीत दक्ष राहावे : मराठी हिशेबात बहुधा सुहूर सन असतो आणि तोही अरबी संख्यावाचकांत. ‘सन तिसैन मया व अलफ’ म्हणजे ११९०; त्यात ५९९ मिळवले की १७८९, पण हे साल मृगापासून धरत असल्याने त्यातील पौष-माघाचा कागद इसवी १७९० मधला ठरतो. उत्तरेकडील कागदांत फसली आणि विक्रम संवतही मिसळलेले असतात. तिन्हींना एकच सूत्र लावणारे तक्ते जालावर फिरत आहेत, त्यांच्यावर विसंबू नये.

आपले पूर्वज घोडदळात नसून महादजींच्या पदरच्या डी बॉयन या युरोपीय सरदाराच्या कवायती कंपूत असतील तर मात्र वरील बराचसा सल्ला निरुपयोगी आहे, कारण त्या पलटणींचा पगार दुआबातील स्वतंत्र जायदादीतून (फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या मुलखातून) निघे आणि त्याचा हिशेब बक्षीच्या दप्तरातून जाईलच असे नाही. तसेच १८४३ च्या महाराजपूर आणि पनिहारच्या लढायांनंतर पुढल्या वर्षी झालेल्या तहाने दरबारच्या फौजेवर संख्येची मर्यादा आली, आणि १८८९ पासून इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्सची, म्हणजे इंग्रज सरकारच्या मदतीसाठी संस्थानांनी पलटणी राखण्याची, योजना सुरू झाल्यावर संस्थानी पलटणींची पाहणी इंग्रज तपासणी अधिकारी करू लागले. आरंभी कर्नल हॉवर्ड मेलिस आणि नंतर स्टुअर्ट बीटसन हे त्यांचे प्रमुख होते. हुकमत महाराजांची आणि पाहणी परक्याची, अशी ही रचना जुन्या बक्षीगिरीची आठवण करून देते, असे मला उगीचच वाटत आले आहे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत गेलेल्या ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट कोअरमध्ये घरातील कोणी असेल, तर मराठी दप्तरापेक्षा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील परराष्ट्र खात्याची कागदपत्रे आधी चाळावीत. ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर त्यांपैकी पुष्कळ घरबसल्या दिसतात. विलीनीकरणानंतर ग्वाल्हेरची एक पलटण चौदावी कुमाऊँ आणि इंदूरची पंधरावी कुमाऊँ झाली, एवढा धागा विसाव्या शतकातील नातेवाइकांसाठी पुरेसा ठरावा.

आपण लिहिता की घरी एक जुनी सनद आहे आणि ती प्लास्टिकमध्ये पक्की करून घेण्याचा विचार चालू आहे. कृपा करून तसे करू नये. उष्णतेने दाबलेले प्लास्टिक जुन्या कागदावरून पुन्हा काढता येत नाही. साध्या सुती कापडात सपाट ठेवावी. तिच्या माथ्यावरचा शिक्का, पहिल्या दोन ओळी आणि पाठीमागची नोंद यांचे दिवसाच्या उजेडातील छायाचित्र येथे टाकावे. पाठीमागे ‘बार’ किंवा ‘रुजू’ असा शेरा असेल तर तो कागद कोणत्या दप्तरात नोंदला गेला होता हे ठरवणे सोपे जाईल, आणि मग नवा अर्ज कोणत्या सदराखाली करायचा ते मिळून पाहू.