फॉर्मवर सही केली म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही

प्रश्न : मी कोल्हापुरात सोन्याचं जडावकाम करतो, वय ५१. चाळिशीचा चष्मा सुटावा म्हणून वीस महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका रुग्णालयात डाव्या डोळ्याच्या कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, इनले (जवळचं दिसावं म्हणून बसवतात ती बारीक चकती) बसवून घेतलं. ९५ हजार रुपये गेले. जवळचं अजून धूसरच दिसतं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, गाडी चालवायची भीती वाटते. डॉक्टर म्हणतात, 'तुम्ही फॉर्मवर सही केली आहे.' पोलिसांत जाऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रातला 'वीस महिने' हा आकडा वाचून मला काळजी वाटली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. दोष उशिरा कळला असं सांगता येतं, उशीर माफही होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मोजा आणि दोन वर्षं भरण्याआधी तक्रार दाखल करा.

आता सहीबद्दल. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की संमती म्हणजे समजून दिलेली संमती. उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय कोणते, हे रुग्णाला आधी सांगायला हवं. म्हणून मला तुमच्याकडून हे जाणून घ्यायचं आहे : फॉर्म कधी पुढे केला? डोळ्यात थेंब घातल्यावर, टेबलावर नेताना? तो मराठीत होता का? रात्रीच्या वलयांबद्दल कुणी बोललं का? तुमचं पोट बारीक कामावर आहे हे त्यांना माहीत होतं का, आणि साध्या चष्म्यानेही ते काम भागेल, हे कुणी सांगितलं का? तुमची खरी बाजू इथे आहे. नुसता निकाल वाईट आला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट सांगते. 'चष्मा कायमचा सुटेल' असं छापलेलं माहितीपत्रक किंवा व्हॉट्सॲप संदेश असेल तर जपून ठेवा.

उद्याच रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन सगळे कागद मागा आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. त्यात इनलेचं नाव आणि क्रमांक असलेलं लेबल शोधा. रेनड्रॉप नावाचं असेल तर मला लगेच कळवा. कॉर्नियावर धुरकटपणा येण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याबाबत इशारा दिला होता. तसं असेल तर उत्पादकाची जबाबदारीही तपासावी लागेल.

पोलिसांत सध्या जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) डॉक्टरांवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, त्यात तुमचे महिने जातील. तुम्ही कोल्हापूरला राहता, त्यामुळे तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालेल, पुण्याला खेपा नकोत. उपचारासाठी तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीची फीही नाही.

डोळ्याचं मात्र आयोगासाठी थांबवू नका. दुसऱ्या कॉर्नियातज्ज्ञांना दाखवा. इनले काढता येतं. त्यांनी तसं सांगितलं तर काढण्याआधी कॉर्नियाचे फोटो आणि तपासण्यांचे अहवाल करून घ्या, आणि काढलेलं इनले बंद डबीत, तारीख व सहीसह मागून घ्या.