टेक्सासहून ओक्लाहोमाला गाडीने जाताना दुकानाच्या दारावरची ‘बंदूक आणू नये’ ही पाटी दोन्हीकडे सारखीच लागू होते का? (लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना आहे.)

नाही, पाटी न जुमानणं हा टेक्सासमध्ये गुन्हा ठरू शकतो, ओक्लाहोमात खाजगी दुकानात नुसतं पाटी ओलांडून आत जाणं गुन्हा नाही. टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम ३०.०६ परवानाधारकासाठीच्या पाटीचा मजकूर ठरवून देतं: इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, विरोधी रंगांत, किमान एक इंच उंचीची ठळक अक्षरं, सहज दिसेल अशी जागा. त्यामुळे पिस्तुलावर लाल काट मारलेलं चिमुकलं स्टिकर ३०.०६ची पाटी ठरत नाही. खरी पाटी ओलांडलीत तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही हटला नाहीत तर प्रकरण बरंच वाढतं. ओक्लाहोमात मालक तुम्हाला प्रवेश नाकारू शकतो किंवा बाहेर काढू शकतो. तेव्हा हुज्जत घालत थांबलात आणि पोलीस आले, की मात्र कारवाई होते. मी तर दोन्हीकडे पाटी दिसली की पिस्तूल गाडीतच कुलपात ठेवीन. हे सगळं खाजगी जागेपुरतं. केंद्र सरकारच्या इमारतींत, म्हणजे अगदी पोस्टातसुद्धा, राज्य कुठलंही असो, बंदीच आहे.