‘आता एक मुलगा होऊ दे’ : निर्णय तिच्या हाती कसा ठेवाल?

परदेशातल्या मराठी घरांतही दुसरी मुलगी झाली की बारशालाच ‘एक चान्स घ्या’ सुरू होतं. ओल्या बाळंतिणीला हे ऐकवणं निर्दयपणाचं आहेच, पण तिच्या जिवासाठीही ते बरं नाही. बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सिझेरियननंतर घाई केली तर पुढच्या प्रसूतीत गर्भाशयाची जुनी शिवण उसवण्याचा धोका वाढतो.

उत्तर द्यायचं ते नवऱ्याने. ‘आई, किती मुलं हवीत ते आमचं ठरलंय. तिच्यापुढे हा विषय काढू नकोस.’ एवढं पुरे. ‘बघू पुढे’ म्हणालात तर पुढच्या व्हिडिओ कॉलला तोच विषय हजर. आणि कुणी सुनेला बोल लावलाच, तर ज्यामुळे मुलगा होतो ते वाय गुणसूत्र वडिलांकडूनच येतं हेही मुलानेच सांगावं.

दिवस राहिल्यावर खरा प्रश्न येतो तो रिपोर्ट कुणाच्या हाती पडतो याचा. दहाव्या आठवड्यापासून होणाऱ्या एनआयपीटी या रक्ततपासणीत बाळाचं लिंगही कळतं. अमेरिकेत ते रिपोर्टमध्ये नको असेल तर रक्त देण्याआधीच तसं सांगून फॉर्मवर नोंदवून घ्या. रिपोर्ट पुष्कळदा डॉक्टरांच्या फोनआधी ऑनलाइन खात्यावर येतो. त्या खात्याचा पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत असेल, तर तपासणीआधीच बदला आणि ईमेलही स्वतःचा द्या. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, एनआयपीटीत लिंग सांगत नाहीत, खाजगी क्लिनिकं सांगतात. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला ‘लिंग सांगू नका’ हे टेबलावर झोपण्याआधीच बोला, कारण सोबत आलेलं माणूस हमखास विचारतं.

डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत दहा मिनिटं एकटीने बोलायला मागा. भाषा अडत असेल तर रुग्णालयाचा दुभाषी घ्या, नणंद किंवा सासूबाई नकोत.

मूल नको असेल आणि गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट ‘हरवत’ असेल, तर दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन कुणाला दिसत नाही. तांबी बसवताना दोरा आखूड कापायला सांगता येतं. दंडात त्वचेखाली बसवायची गर्भनिरोधक कांडी (इम्प्लांट) बोटांना लागते, हे आधी माहीत असू द्या.

गावाहून येणारी ‘मुलगा होण्याची’ पुडी घेऊ नका. ती दिवस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, बाळाचे अवयव घडत असताना देतात. तोवर लिंग केव्हाच ठरलेलं असतं. हरियाणातल्या अभ्यासांत अशी औषधं घेतलेल्या बायकांमध्ये जन्मजात व्यंग आणि मृतजन्म जास्त आढळले.

‘भारतात जाऊन मुलगा की मुलगी ते तपासून येऊ’ हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने याविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. तपासणी करवून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर नवऱ्याने वा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं.

यावरून गर्भपातच वाईट, असं कुणी तिला ऐकवू नये. तिला स्वतःला गर्भ नको असेल तर भारतात सज्ञान बाईची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. ब्रिटनमध्येही नवरा अडवू शकत नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्यातली मुदत आधीच पाहून ठेवा.

दमदाटी होत असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि वैद्यकीय कागदांचे फोटो घराबाहेरच्या विश्वासू मैत्रिणीकडे ठेवा. इंग्लंडमधली घरगुती छळासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७ मोफत आणि चोवीस तास सुरू असते; दुभाषीही मागता येतो. फेब्रुवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या नवऱ्यावर अवलंबून असलेल्या पत्नीलाही, छळामुळे संसार मोडल्यास, तिथे राहण्याची तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी मागता येते. पण ती मिळाली की आधीचा व्हिसा जातो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला गाठा.